मुकादमांचा होल्ड

आमच्या शाळेत इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगितले जात. ते शब्द वापरतात कुठे आणि कशासाठी, हे मात्र कोणी सांगत नसे. ‘होल्ड’ म्हणजे धरणे, एवढे फळ्यावर लिहून गुरुजी पुढच्या क्रियापदाकडे वळत आणि आम्हीही त्यांच्यामागून मेंढरांसारखे वळत असू. कॉलेजात जाडजूड शब्दकोश हाती आला, तेव्हा या एका शब्दाने दीड रकाना अडवलेला पाहून मी थक्क झालो होतो. पुढे शहरात नोकरी लागली आणि हा शब्द रोजच कानांवर पडू लागला. टेलिफोनवरची बाई ‘होल्ड करा’ म्हणे आणि चहा प्यायला निघून जाई. कचेरीत साहेब एखादे प्रकरण ‘होल्डवर ठेवा’ म्हणत, आणि त्या क्षणी त्या प्रकरणावरचा प्रत्येकाचा हात सुटत असे. शब्द धरण्याचा आणि व्यवहार सोडून देण्याचा, हे माझ्या मनाला कधी नीटसे पटले नाही.

या शब्दात खरोखर धरणे कुठे आहे, ते मला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुकादमांमुळे कळले.

मुकादम काचा बसवत. खिडकीच्या तावदानांपासून सुरुवात करून ते दुकानांच्या दर्शनी काचांपर्यंत पोचले होते. माणसाहून उंच आणि भिंतीएवढ्या रुंद काचांपर्यंत. बांधा बुटका, खांदे रुंद, मान जवळजवळ नाहीच. उभा जन्म काचेची कड धरून चालण्यात गेल्यामुळे रिकाम्या हातांनीसुद्धा ते किंचित तिरके चालत. जिन्यात समोरासमोर भेट झाली, की आपल्यालाच उगाच वाटे, यांच्या हातात काहीतरी मोठे आहे आणि आपण बाजूला व्हायला हवे. कोणत्याही दुकानात शिरताना त्यांची नजर आधी काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे जाई. कोपरा मनासारखा नसला तर ते आतला माल बरा आहे असे कधीही म्हणत नसत.

त्यांची चौघांची टोळी होती. मुकादम स्वतः, लंबू, पैलवान आणि काचेची गाडी चालवणारा ड्रायव्हर. काचेला चार कोपरे आणि माणसे चार, असा सरळ हिशेब. मोठी काच उचलली की ती माणसाच्या चेहऱ्यासमोर येते आणि तिच्यात आपलेच प्रतिबिंब दिसते. पलीकडचा माणूस काय करतो आहे ते धड दिसत नाही. म्हणून त्यांच्या कामात सगळी मदार शब्दांवर. मुकादमांना ज्या म्हाताऱ्या कारागिराने हे काम शिकवले, त्याने त्यांना एकच इंग्रजी शब्द दिला होता आणि त्याच्याभोवती एक नियम बांधून दिला होता. चौघांपैकी कोणालाही काही खटकले, हात घसरला, पाय अडखळला, नुसती शंका आली, तरी त्याने ‘होल्ड’ म्हणायचे. ते ऐकताच बाकीच्यांनी जिथे असतील तिथे थांबायचे, पण हात काढायचा नाही. उलट पकड घट्ट करायची. पाचवा माणूस असेल तर त्याने काचेखाली रबर लावलेले लाकडी ठोकळे सरकवायचे. काच टेकेपर्यंत कारण विचारायचे नाही. आणि ज्याने होल्ड म्हटले, त्यानेच ‘चला’ म्हटल्याशिवाय पुढे हलायचे नाही. मग तो मुकादम असो, नाहीतर काल आलेला हमाल.

“यात एकच गोष्ट वाईट,” मुकादम मला एकदा म्हणाले होते. “होल्ड म्हणायची लाज वाटणं. काच हातातून फुटत नाही, साहेब. लाजेतून फुटते.”

लंबूने एकदा काच अर्ध्या रस्त्यात असताना होल्ड म्हटले होते. ठोकळे लागले, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि मग कळले, की त्याच्या मानेवर मधमाशी बसली होती. ती उडून गेली, लंबूने चला म्हटले, काम पुढे सरकले. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

असा नियम माणसाच्या अंगात मुरला, की तो कामापुरता राहत नाही. मुकादमांच्या घरात दूध उतू जायला लागले तरी होल्ड, मायलेकींचे भांडण पेटले तरी होल्ड. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलेला एक किस्सा तर आमच्या जिन्यात कितीदा ऐकवला गेला असेल. कसल्याशा कचेरीत फोन केला असताना पलीकडची बाई ‘होल्ड करा’ म्हणाली. मुकादम उभे. फोन केव्हाच कट झालेला, तरी हे रिसीव्हर कानाला लावून ताठ उभे.

“मी म्हटलं, अहो, ठेवा आता तो. तर मला म्हणतात, तिने अजून चला म्हटलं नाही!” हे सांगताना काकूंना हसू आवरत नसे.

“हसा,” मुकादम म्हणत. “पण उद्या ती बाई परत आली असती आणि मी नसतो, तर कोणाचं नाव खराब झालं असतं?”

मुकादमांना एकच मुलगी. लहानपणी बारीक होती म्हणून नाव पडले चिमणी. पुढे ती बापाच्या वळणावर गेली, खांदे भरले, आवाज भरला, आणि नाव तेवढे मागे राहिले. शाळेच्या सुट्ट्या तिने बापाबरोबर कपाटांच्या काचा पोचवण्यात घालवल्या होत्या. पण मन रमले ते केस कापण्यात. बरीच वर्षे दुसऱ्यांच्या दुकानांत उभे राहून काम केल्यानंतर तिने स्वतःचे दुकान घ्यायचे ठरवले. कोपऱ्यावरचा एक गाळा मिळाला. समोरची भिंत पाडून तिथे एकच अखंड काच बसवायची, आतल्या खुर्च्या रस्त्यावरून दिसल्या पाहिजेत, हा तिचा हट्ट होता. आणि ती काच मी स्वतःच्या हाताने बसवणार, हा मुकादमांचा.

अडचण त्या हातातच होती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे काही महिन्यांपासून दगा देत होती. बोटे मिटत, पण मिटलेली राहत नसत. चहाचा कप एकदोनदा सुटला होता. डॉक्टरांनी जड उचलणे बंद करायला सांगितले होते, आणि मुकादमांनी डॉक्टरांकडे जाणेच बंद केले होते. टोळीला यातले काही ठाऊक नव्हते. हातमोज्याचा पट्टा मनगटावर जरा जास्त आवळून बांधत, एवढाच काय तो फरक.

काकूंनी मात्र सगळे हेरले होते. मागितलेला स्क्रूड्रायव्हर परत द्यायला मी एकदा वर गेलो, तेव्हा त्या स्वयंपाकघरात एकेका बरणीचे झाकण पिळून सैल करून फळीवर ठेवत होत्या. मी पाहतो आहे असे दिसल्यावर त्यांनी बोट ओठांवर ठेवले. “त्यांना उघडता येतं असं त्यांना वाटू दे,” त्या म्हणाल्या. “पण ती काच, भाऊ, बरणी नाही. तिचं झाकण मला सैल करता यायचं नाही.”

काच आली त्या दुपारी मीही तिथे होतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे होते. आत खुर्च्या आल्या होत्या, आरसे लागले होते, आणि समोरची बाजू मात्र मोकळीच. काकू उंबरठ्याशी फडके घेऊन उभ्या होत्या. चिमणी ठोकळ्यांवर होती. माझ्याकडे एक बादली सोपवण्यात आली होती. तिचे काय करायचे ते शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही.

चौघांनी गाडीवरून काच उतरवली. दुपारच्या उन्हात ती दिसतच नव्हती. चार माणसे हवेचा एक मोठा तुकडा उचलून नेत आहेत असे वाटत होते. मुकादमांचा कोपरा उजवीकडचा, खालचा, म्हणजे सगळ्यात भाराचा. “स्लो… स्लो… लंबू, तुझी बाजू वर… हां.” रस्ता ओलांडून झाला. फुटपाथची पायरी चढून झाली. दुकान दोन हातांवर आले.

“होल्ड!”

सगळे जागच्या जागी थिजले. चिमणीने एका दमात ठोकळे सरकवले आणि काच त्यांच्यावर अलगद टेकली. चौघांचे हात मात्र तिला धरूनच होते.

“कोण बोललं?” काचेआडून पैलवानाने विचारले.

“काकू,” लंबू म्हणाला.

“काकूंना चालतं का?”

मग मुकादमांचा आवाज आला, दाताखाली खडा आल्यासारखा. “कोणालाही चालतं.”

“मग ठीक आहे,” पैलवान म्हणाला आणि त्याने पाय रोवले.

“अगं, काय झालं?” मुकादमांनी विचारले. “पायात काही आलं का? मांजर?”

काकू फडके खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ आल्या. “तुमचा उजवा हात बघू.”

“हात कामात आहे.”

“कामात नाहीये, तेच म्हणतेय मी.”

लंबूने एकदम वर आभाळाकडे पाहायला सुरुवात केली. ड्रायव्हर स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला.

“काकू,” पैलवान अदबीने म्हणाला, “आमचे हात कामात आहेत हं अजून.”

“तुम्ही तिघं रात्रीच्या जेवणापर्यंत धराल, मला माहीत आहे. प्रश्न यांचा आहे.”

“भर रस्त्यात तमाशा नको,” मुकादम म्हणाले. “चला म्हण.”

“नाही म्हणणार.”

“बरं, मग मीच म्हणतो. च…”

“बाबा!” चिमणी उसळून म्हणाली. “ज्याने होल्ड म्हटलं त्यानेच चला म्हणायचं. मी लहानपणी एकदा मध्येच चला म्हटलं होतं, तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

मुकादमांनी रोख बदलला. “हात उत्तम आहे माझा. आज सकाळीच बरणी उघडली. हिच्यासमोर.”

काकूंनी आवाज एकदम खाली आणला. मी बादली घेऊन जवळच होतो म्हणून मला ऐकू आले. “त्या बरणीचं झाकण मी आधीच सैल करून ठेवते. रोज.”

“ठाऊक आहे मला,” मुकादमही तितक्याच हळू म्हणाले. “एवढी सैल झाकणं असतात होय जगात?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोललीस?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याच वेळी ओठांवर हसू फुटले. नवराबायकोंनी एकमेकांना फसवायचे आणि दोघांनीही फसल्याचे सोंग घ्यायचे, हा उद्योग त्या घरात इतके दिवस बिनबोभाट चालला होता.

मग मुकादमांनी मोठ्याने, टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. “हात सुटत होता. पायरी चढतानाच सुटायला लागला होता. होल्ड अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, दार तर आलंच आहे.” ते थांबले. “लाज वाटली रे.”

एवढ्या वर्षांत टोळीने त्यांच्या तोंडून हा शब्द स्वतःविषयी कधी ऐकला नव्हता.

“मुकादम,” लंबू म्हणाला, “मधमाशी मानेवर बसली म्हणून मी होल्ड म्हटलं होतं. तुम्ही हसलासुद्धा नाहीत.”

“त्यात हसण्यासारखं काय होतं?”

“तेच म्हणतोय ना मी.”

“आणि मी सांगून टाकतो,” पैलवान म्हणाला, “मला आता शिंक येतेय. काय ते लवकर ठरवा.”

यावर ड्रायव्हर आधी हसला, मग सगळेच हसू लागले, आणि काच हलू लागल्यावर मुकादमांनी ओरडून सगळ्यांना गप्प केले. “हसताय काय! धरा! शिंक नाकातच ठेव!” त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता. पण पेच तसाच होता. “माझा कोपरा कोण धरणार? चौथा माणूस या वेळी आणायचा कुठून?”

चिमणीने गाडीच्या पायरीवर पडलेले जादा हातमोजे उचलले होते आणि ती पट्टे बांधत होती.

“तू नाही,” मुकादम म्हणाले. “उद्यापासून तुला त्या हातांत कात्री धरायची आहे.”

“उद्याचं उद्या. आज काच धरायची आहे.”

“विसरली असशील सगळं.”

“पाय आधी, मग पाठ, मग हात. अंगठा कडेच्या आत. नजर काचेकडे नाही, माणसाकडे.” ती बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. “अजून काय विचारायचंय, एकदाच विचारा. पैलवानकाका शिंकतील.”

मुकादमांनी डाव्या हाताने तिच्या मोज्याचा पट्टा ओढून पाहिला. तिच्या बुटाला बुटाने ढोसून पाऊल जरासे बाहेर घ्यायला लावले. काचेचा कोपरा एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचीही त्यांची एक रीत होती. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हाताखाली हात घालायचा, भार आपल्यावर आला की ‘आहे’ म्हणायचे, आणि मगच देणाऱ्याने हात काढायचा.

चिमणीने हात घातला. “आहे,” ती म्हणाली.

मुकादमांचा हात निघाला नाही.

“आहे, बाबा.”

तरीही तो हात तसाच. मी पाहिले, तर मुकादम डोळे मिटून उभे होते. हात दुखत होता की काय, कोण जाणे. पण चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता. एखादे वजन मापून पाहावे तसे ते मुलीच्या हाताकडे लक्ष लावून होते.

“आहे म्हणतेय ना मी!” चिमणी अशा आवाजात ओरडली, की थेट मुकादमच ओरडल्यासारखे वाटले.

“आहे, आहे,” मुकादम पुटपुटले आणि त्यांनी हात काढून घेतला.

आता सगळे काकूंकडे पाहू लागले. एवढी माणसे आपल्या एका शब्दासाठी खोळंबली आहेत, हे त्यांच्या नुकतेच ध्यानात आले असावे, कारण त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि भाषणाला उभे राहिल्यासारख्या म्हणाल्या, “चला.”

काच हलली. मुकादम मात्र कुठे उभे राहायचे ते न कळून मांडवात हरवलेल्या पाहुण्यासारखे इकडेतिकडे करत राहिले. मागे गेले तर ड्रायव्हर म्हणाला, “पायात येताय, मुकादम.” बाजूला गेले तर माझी बादली आडवी आली. शेवटी ते पाठीमागे सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पोचले, आणि तिथून त्यांनी वर पाहिले.

आजवर ते नेहमी काचेला चिकटून उभे होते. नाकासमोर कड, हाताखाली कोपरा. पूर्ण काच, तिची चौकट, वरची रेघ आणि खालची रेघ, हे सगळे काम चालू असताना एका नजरेत त्यांना कधी दिसलेच नव्हते. ते पाहतच राहिले. मग त्यांचा हात आपोआप वर गेला.

“लंबू, वर अर्धं बोट! ड्रायव्हर, तू नको हलूस! चिमणे, तुझी बाजू आत… अजून आत… बस! पैलवान, आता शिंकलास तर बघ! सोडा खाली. हळू.”

काच खोबणीतल्या रबरावर बसली. ना टकटक, ना घासल्याचा आवाज. काच सरळ बसली का ते पाहायला लंबूने लेव्हल लावली, पुन्हा लावून पाहिली, आणि ती पैलवानाला दाखवली. पैलवानाने आधी मनसोक्त शिंकून घेतले.

“पहिल्याच खेपेला बसली,” लंबू रस्त्यापलीकडे ओरडून म्हणाला. “मुकादम, एवढी मोठी काच आपण कधी पहिल्याच खेपेला बसवली होती का?”

“नाही,” मुकादम म्हणाले. “म्हणजे काय? इतकी वर्षं मी चुकीच्या जागी उभा होतो?”

“आम्ही कोण सांगणार!” पैलवान म्हणाला. “पण उद्यापासून तुम्ही तिथेच उभे राहा. कोपरा धरायला माणूस मिळेल. समोरून शिव्या घालायला तुमच्यासारखा मिळायचा नाही.”

मुकादमांनी उजव्या हाताचा मोजा काढला, बोटे उघडमीट करून पाहिली, आणि मोजा लंबूकडे फेकला. चेहऱ्यावरून मात्र गोष्ट पसंत पडल्याचे लपत नव्हते.

कडा भरून झाल्या. टोळी चहाला गेली. मुकादम मात्र रस्त्याच्या पलीकडून हलायला तयार नव्हते. आत चिमणी खुर्च्या सरळ रेषेत लावू लागली आणि काकू नव्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसू लागल्या. मीही बादली घेऊन आत येऊन उभा होतो. समोर मुकादमांचे दोन्ही हात जोरजोरात चालले होते. ही खुर्ची इकडे, ती तिकडे, आरसा जरा खाली, असे काहीतरी ते तळमळीने सांगत होते. ओठ हलताना दिसत होते आणि आवाज मात्र काचेच्या त्या बाजूलाच राहत होता. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

“आई, काय म्हणताहेत गं?” चिमणीने विचारले.

काकूंनी फडके थांबवून क्षणभर बाहेर पाहिले.

“काही का म्हणेनात,” त्या म्हणाल्या. “हो म्हण.”

चिमणीने बाहेरून दिसेल अशी मान डोलावली. पलीकडे मुकादमांनी समाधानाने मान हलवली आणि ते पुढच्या खुर्चीकडे वळले.